जुना झगा म्हणजे नेमका किती जुना?

8 मे 2025 रोजी संध्याकाळी नवे पोप लिओ चौदावे सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या सज्जात आले. ते काय बोलतात हे ऐकण्याआधी अनेकांनी ते काय घालून आलेत हे पाहून घेतले. खांद्यावर लाल मोझेट्टा, म्हणजे कोपरापर्यंतची आखूड केप, आणि तिच्यावर भरतकामाचा स्टोल, म्हणजे गळ्यातून पुढे सोडायचा लांब पट्टा. 13 मार्च 2013 रोजी याच सज्जात पोप फ्रान्सिस मोझेट्टा न घालता साध्या पांढऱ्या झग्यात आले होते. एवढ्याशा फरकावर दोन्ही वेळा चर्चेला ऊत आला. परंपरा गेली, परंपरा परतली, हे पोप कोणाच्या बाजूचे, असे सगळे निष्कर्ष दोन वीत कापडावरून काढले गेले.

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंच्या कपड्यांवरून वाद घालण्याची रीत दीड हजार वर्षांची आहे, आणि त्या वादांत एक झकास विनोद दडलेला आहे. आज ज्या झग्याला सर्रास 'पारंपरिक' म्हणतात, तो आपल्या काळातली ताजी फॅशन होता. आणि ज्याला 'परिषदेनंतरचा आधुनिक', म्हणजे 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा, म्हणून नाके मुरडली जातात, त्याचा आकार त्याहून कितीतरी जुना आहे. ही उलटापालट कशी झाली ते पाहू. मोझेट्टा मात्र इथेच सोडून देऊ, कारण ते मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, वस्त्र नव्हे. खरा इतिहास घडला तो चॅझुबलवर, म्हणजे मिस्साच्या वेळी धर्मगुरू सर्वांत वर घालतात त्या झग्यावर.

वसई, मुंबई किंवा गोव्यात मिस्साला गेलेल्यांना चॅझुबल ओळखीचा असतो, नाव ठाऊक नसले तरी. फादर एरवी वापरतात तो पांढरा झगा वेगळा. मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, ते आल्ब नावाचा पायघोळ पांढरा अंगरखा चढवतात, कमरेला दोरी बांधतात, गळ्यात स्टोल घालतात आणि सर्वांत वर चॅझुबल: बिनबाह्यांचा, रंगीत, मधल्या भोकातून डोके घालून अंगावर सोडायचा. जुन्या पद्धतीत आणखी दोन वस्तू होत्या. मानेभोवती गुंडाळायचा लिननचा चौकोनी कपडा, म्हणजे ॲमिस. आणि डाव्या हातावर लटकणारी रेशमी पट्टी, म्हणजे मॅनिपल. ही पट्टी मुळात हातरुमाल होती. घाम पुसता पुसता तिच्यावर भरतकाम चढले आणि मग तिने काही पुसण्याची सोय उरली नाही. धर्मगुरूंच्या बहुतेक वस्त्रांची कहाणी अशीच आहे.

रोमन माणसाचा बाहेर जायचा कपडा

चॅझुबलचा मूळपुरुष म्हणजे पेनुला, रोमन साम्राज्यातला प्रवासाचा आणि पावसापाण्याचा झगा. गाडीवान घालत, सैनिक घालत, पुढे प्रतिष्ठित नागरिकही घालू लागले. सुरुवातीच्या शतकांत ख्रिस्ती धर्मगुरू प्रार्थनेला उभा राही तो इतर पुरुषांसारख्याच कपड्यांत, फार तर स्वच्छ आणि चांगल्या कपड्यांत. 428 साली पोप पहिले सेलेस्टाइन यांनी दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, बिशपांना पत्र लिहून चांगले फैलावर घेतले होते. तिकडच्या काही बिशपांनी वेगळा, तपस्व्यासारखा वेष सुरू केला होता. पोपांचे म्हणणे असे की आपण लोकांपासून वेगळे दिसावे ते शिकवणुकीने, कपड्यांनी नव्हे. वागण्याने, वेषाने नव्हे. आज कोणी फादर हे वाक्य बोलले तर त्यांना लगेच पुरोगामी ठरवतील. बोलणारे मात्र पाचव्या शतकातले पोप होते.

मग वेगळेपण आले कुठून? धर्मगुरूंनी काही नवे घातले नाही, इतरांनी जुने टाकले. साम्राज्य मोडकळीला आले, उत्तरेकडच्या टोळ्यांबरोबर आखूड अंगरखे आणि विजारी आल्या, आणि सामान्य पुरुषांनी पायघोळ रोमन कपडे हळूहळू सोडले. वेदीपाशी ते तसेच राहिले. पुणेरी पगडीचे आपल्याकडे हेच झाले. एके काळी ती डोक्यावर घालून लोक कचेरीत जात, आज ती फक्त सत्काराला निघते. पगडी बदलली नाही, तिच्या भोवतीचे शहर बदलले.

पुढच्या पिढ्यांना या कपड्यांचे मूळ आठवेना, तेव्हा त्यांना अर्थ चिकटू लागले. चॅझुबल म्हणजे ख्रिस्ताचे हलके जू, ॲमिस म्हणजे तारणाचे शिरस्त्राण, दोरी म्हणजे ब्रह्मचर्य. प्रत्येक वस्त्र चढवताना म्हणायच्या लहान लहान प्रार्थना तयार झाल्या. त्या सुंदर आहेत, पण कपडा आधी आला आणि अर्थ मागून, हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच वाद सुटसुटीत होतात.

घंटेला कात्री लागली

मध्ययुगातला चॅझुबल घंटेच्या आकाराचा होता. साधारण दीड मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार कापड घ्यायचे, त्याच्या सरळ कडा पुढे आणून शिवायच्या, वर डोक्यापुरती जागा ठेवायची. झाला शंकू. घातला की माणूस मानेपासून पोटऱ्यांपर्यंत चारी बाजूंनी झाकला जातो. हात बाहेर काढायचे तर दोन्ही बाजूंचे कापड गोळा करून कोपरांवर घ्यावे लागते, आणि मग त्याच्या ज्या चुण्या पडतात त्या खरोखर देखण्या असतात. जर्मनीतल्या माइन्झमध्ये आर्चबिशप विलिगिस (मृत्यू 1011) यांच्या नावाने ओळखले जाणारे असे झगे टिकून आहेत. हंगेरीच्या राजांचा प्रसिद्ध राज्याभिषेकाचा अंगरखाही मुळात चॅझुबलच. राजा स्टीफन आणि राणी गिझेला यांनी तो 1031 मध्ये एका चर्चला दिला होता. पुढे कोणीतरी तो समोरून उघडा केला आणि राजांच्या खांद्यावर चढवला.

मऊ, पातळ कापडात घंटा उत्तम चालते. अडचण आली ती दोन बाजूंनी.

पहिली बाजू विधीची. 1200 च्या सुमारास पॅरिसकडे एक प्रथा रुजली आणि झपाट्याने युरोपभर पसरली: भाकर पवित्र केल्यानंतर धर्मगुरूने ती डोक्यावर उंच धरायची, म्हणजे पाठीमागच्या लोकांना दिसेल. धर्मगुरूचे तोंड वेदीकडे असे, लोकांकडे पाठ. आता कोपरांवर किलोकिलोचे कापड तोलून धरलेला माणूस हात डोक्यावर नेणार कसा? त्यासाठी मागे गुडघे टेकलेल्या सेवकाने झग्याची कड उचलून धरायची असे ठरले. बाजूंचे कापडही थोडे थोडे कापले जाऊ लागले.

दुसरी बाजू कापडाची. इटलीत जड रेशमी मखमल विणली जाऊ लागली, जरीचे नक्षीदार कापड आले, आणि इंग्लंडच्या कारागिरांनी तर रेशमावर सोन्याच्या तारेने आणि रंगीत धाग्यांनी अख्खी चित्रे भरायला सुरुवात केली. 'ओपस अँग्लिकानुम' म्हणजे इंग्रजी काम, या नावाने ते युरोपभर गाजले. 1246 मध्ये पोप चौथे इनोसन्ट यांनी काही इंग्रज धर्मगुरूंच्या अंगावर हे काम पाहिले आणि चौकशी केली, हे बनते कुठे? इंग्लंडात, असे कळल्यावर तिथल्या मठाधिपतींना पत्रे गेली, उत्तम भरतकाम पाठवा म्हणून. मॅथ्यू पॅरिस या इतिहासकाराने हे जरा खवचटपणेच नोंदवले आहे. त्याच्या मते लंडनच्या व्यापाऱ्यांना याचे मुळीच वाईट वाटले नाही.

असे भरगच्च कापड चुण्या घेत नाही. ते पुठ्ठ्यासारखे उभे राहते. शिवाय भरलेले संत-देवदूत चुण्यांत हरवले तर पैसे कशाला मोजले? म्हणून चॅझुबल सपाट होत गेला आणि सपाट झाला तसा अरुंद होत गेला. कोणी परिषद बसली नाही, फतवा निघाला नाही. शिंप्याची कात्री दर पिढीला दोन बोटे आत सरकत गेली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनेही हात मोकळे करण्यासाठी कापड कापले, पण त्यांनी बाजू सोडून पुढचा भाग आखूड केला. म्हणून त्यांचा झगा मागे घोट्यापर्यंत आणि पुढे छाती-पोटापर्यंत दिसतो.

जुने झगेही या कात्रीतून सुटले नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला तेराव्या शतकातला क्लेअर चॅझुबल नंतरच्या फॅशनप्रमाणे कापून अरुंद केलेला आहे. तिथलाच बटलर-बोडन कोप, म्हणजे मिरवणुकीचा अर्धवर्तुळाकार झगा, एके काळी तुकडे करून त्यातून चॅझुबल, स्टोल, मॅनिपल असे काय काय शिवले होते. एकोणिसाव्या शतकात ते तुकडे शोधून पुन्हा जोडले. अशा वस्तूंवर एखाद्या संताचा खांदा किंवा देवदूताचा पंख मध्येच तुटलेला दिसतो.

कपडा बदलला, पण त्याच्याभोवतीच्या हालचाली तशाच राहिल्या, आणि मला हा सगळ्यात मजेचा भाग वाटतो. पुढे चॅझुबलच्या बाजू पार खांद्यापर्यंत आल्या, हात पूर्ण मोकळे झाले, तरी भाकर उंचावताना सेवक मागची कड उचलतच राहिला. परिषदेपूर्वीच्या जुन्या लॅटिन मिस्सात तो आजही उचलतो. उचलण्यासारखे वजन तिथे आठशे वर्षांपूर्वी होते.

याहून विचित्र गोष्ट दुमडलेल्या चॅझुबलची. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा सेवक, आपला नेहमीचा आनंदाचा पोशाख न घालता चॅझुबल घाली, आणि काम करताना हात मोकळे राहावेत म्हणून त्याची पुढची बाजू दुमडून वर घेई. शुभवर्तमान वाचताना तो झगा काढून, गुंडाळी करून, एका खांद्यावर तिरका टाकी. घंटेच्या मऊ कापडात हे सगळे सहज जमे. झगा ताठ आणि आखूड झाल्यावर दुमडणार काय? मग पुढचा भाग टाचणीने वर खोचू लागले, काही ठिकाणी सरळ कापूनच ठेवू लागले. गुंडाळी करणेही अशक्य झाले, तेव्हा तिच्या जागी एक रुंद पट्टा शिवून घेतला आणि तो डीकनच्या खांद्यावर तिरका घालू लागले. म्हणजे कपड्याची गुंडाळी, मग गुंडाळीची नक्कल. 1960 च्या नव्या विधिनियमांनी ही प्रथा बंद केली. ते नियम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीचे, हेही नोंदवण्यासारखे.

व्हायोलिनसारखी पाठ

सोळाव्या शतकापर्यंत झगा इतका आक्रसला की काहींना काळजी वाटू लागली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ, म्हणजे प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर कॅथलिक चर्चची घडी बसवणाऱ्यांतले सर्वांत कडक शिस्तीचे गृहस्थ, यांनी 1577 मध्ये चर्चची बांधणी आणि साहित्य यांविषयी सविस्तर सूचना छापल्या. त्यांत चॅझुबल चांगला रुंद असावा, खांद्यावरून खाली वीतभर तरी उतरावा, अशी मोजमापे आहेत. खुद्द बोरोमिओंच्या मापाचाही उपयोग झाला नाही. त्यांच्यामागे दोनशे वर्षांत बरोक काळातल्या शिंप्यांनी बाजू पूर्ण उडवल्या. समोरचा भाग छातीशी निमुळता, मागे सपाट फळी, आतून खळ दिलेल्या कापडाचे अस्तर. समोरून पाहिले तर व्हायोलिनची आकृती. इंग्रजीत त्याला 'फिडलबॅक' हे टोपणनाव मिळाले आणि ते चिकटले.

देशोदेशीचे बेत वेगळे. रोमन पद्धतीत पाठीवर एक उभा पट्टा आणि छातीवर टी-आकाराची पट्टी. फ्रेंच पद्धतीत पाठीवर मोठा क्रूस आणि पुढे पट्टा. स्पेनचा झगा खाली पसरट, पेरूसारखा गोल. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, मुख्य काम पाठीवर, कारण लोकांना पाठच दिसे. आल्बच्या खालच्या बाजूला लेस लागली ती याच काळात, आणि वाढत वाढत काही ठिकाणी गुडघ्यापर्यंत पोहोचली.

आणि कापड? अठराव्या शतकातले कितीतरी चॅझुबल चक्क फॅशनच्या रेशमाचे आहेत. फ्रान्समधल्या लियों शहराच्या मागांवर निघालेली गुलाबाची, डाळिंबाची, पोपटांची नक्षी दरबारी बायकांच्या पोशाखावर झळके, आणि मग तो पोशाख चर्चला दान होई. स्कर्टच्या घेराचे कापड भरपूर, त्यातून फिडलबॅक आरामात निघे. वेदीवर उभ्या असलेल्या फादरच्या पाठीवर गेल्या हंगामातला बॉलगाऊन असे. आज त्याच झग्यांचे फोटो 'शाश्वत परंपरा' या मथळ्याखाली फिरतात.

रंगांचे पटकन सांगतो. लोथारिओ नावाच्या कार्डिनलांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस रोमची पद्धत लिहून ठेवली: सणाला पांढरा, हुतात्म्यांना लाल, शोकाला काळा, एरवी हिरवा. हेच पुढे पोप तिसरे इनोसन्ट झाले, त्यामुळे त्या टिपणाला वजन आले. 1570 च्या मिस्साग्रंथाने जांभळ्यासह ही यादी पक्की केली. वर्षातून दोन रविवार गुलाबी चालतो. स्पेनला 1864 मध्ये निष्कलंक मरियेच्या सणाला निळा वापरण्याची खास परवानगी मिळाली. काळा आज अंत्यविधीला चालतो, पण सक्तीचा नाही, आणि बहुतेक ठिकाणी दिसतही नाही.

जुने परत आणणारेच नवमतवादी ठरले

आता उलटापालट. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑगस्टस पुगिन नावाचा एक झपाटलेला वास्तुकार होता. तेराव्या-चौदाव्या शतकानंतर जे जे झाले ते ते बिघडले, अशी त्याची पक्की समजूत. फिडलबॅक त्याच्या डोळ्यांत सलत असे. त्याने मध्ययुगीन थडग्यांवरची चित्रे पाहून रुंद, झोळदार झगे पुन्हा काढले आणि 1844 मध्ये चर्चच्या अलंकार-वस्त्रांवर जाडजूड सचित्र कोश छापला. आज 'गॉथिक' म्हणतात तो चॅझुबल या चळवळीतून आला.

रोमला हे बिलकूल आवडले नाही. 1839 च्या सुमारासच पुगिनच्या वस्त्रांवरून तक्रारी गेल्या आणि तिथल्या बिशपांना समज मिळाली. 1863 मध्ये रोमच्या विधी-खात्याने इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियमच्या बिशपांना पत्र पाठवून विचारले, तुमच्याकडे झग्यांचा आकार बदलतोय तो कोणत्या कारणाने? 1925 मध्ये पुन्हा उत्तर आले: प्रचलित आकार सोडायचा तर आम्हाला विचारल्याशिवाय नाही. म्हणजे जुन्याहून जुना झगा घालणे ही आगळीक, आणि तीनेकशे वर्षांचा नवा झगा हीच परंपरा. अखेर 1957 मध्ये रोमने हात झटकले आणि निर्णय बिशपांच्या विवेकावर सोपवला. तोवर जर्मनी-फ्रान्समधल्या बेनेडिक्टाइन मठांत रुंद झगे रुळूनही गेले होते.

मात्र 'गॉथिक' म्हणजे हुबेहूब मध्ययुग नव्हे. अस्सल घंटा फार थोड्यांनी शिवली. बाकींनी हात हलवता येतील, कापड परवडेल आणि जुन्यासारखे दिसेल असा मधला बेत काढला. या मोकळ्या पटलावर चित्रकारांनाही हात चालवता आला. फ्रान्समधल्या वांस गावी आंरी मातिसने 1951 मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या चॅपेलसाठी चॅझुबलही केले. रंगवलेला कागद कात्रीने कापून त्याने नमुने बनवले, पिवळी-हिरवी पाने आणि ठसठशीत क्रूस. परिषद भरायला तेव्हा अजून दशकभराचा अवकाश होता. नवी वस्त्रे परिषदेने आणली असे म्हणणाऱ्यांनी हे तारखांचे गणित एकदा करून पाहावे.

परिषदेने स्वतः कपड्यांवर फारसे काही म्हटले नाही. 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात एक वाक्य आहे, नुसत्या भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य शोधा, आणि हे वस्त्रांनाही लागू. खरा फरक पडला तो दोन व्यावहारिक गोष्टींनी. 4 मे 1967 च्या आदेशाने मॅनिपल ऐच्छिक झाला आणि दोन-चार वर्षांत खणात गेला. दुसरे म्हणजे धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. मग पाठीवरच्या क्रुसाला पाहणारे कोण? नक्षी पुढे आली, आणि निमुळत्या छातीचा फिडलबॅक समोरून अगदीच केविलवाणा दिसू लागला. रुंद झगा सोयीचा ठरला. शिवणारे गॉथिक आकारात पॉलिएस्टर कापू लागले, त्यावर गव्हाच्या लोंब्या आणि द्राक्षे चिकटवू लागले. तो आकार आणि ते कापड लोकांच्या डोक्यात एकत्र बसले. गॉथिकची बदनामी झाली ती बरीचशी या पॉलिएस्टरमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या लोकरीच्या किंवा रेशमाच्या कापडात तोच बेत पाहिला तर कोणी त्याला स्वस्त म्हणणार नाही.

यानंतरच्या पिढीत आकार हा झेंडा झाला. 1997 मध्ये पॅरिसच्या जागतिक युवा दिनासाठी फॅशन डिझायनर जाँ-शार्ल द कास्तेलबाजाक यांनी इंद्रधनुषी रंगांचे झगे केले आणि ते पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासह हजारो धर्मगुरूंनी घातले. 2007 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्साला मोकळीक दिली आणि त्याच वर्षी नेमलेले त्यांचे विधिप्रमुख ग्वीदो मारिनी यांच्या देखरेखीखाली फिडलबॅक, लेस, आधीच्या पोपांची जपून ठेवलेली वस्त्रे पुन्हा दिसू लागली. तरुण धर्मगुरूंत फिडलबॅकची चलती सुरू झाली. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती मोकळीक आवळली. जून 2022 मध्ये सिसिलीच्या धर्मगुरूंशी बोलताना त्यांनी लेसवर कोपरखळी मारली, की आजीची लेस कधीमधी ठीक आहे, आजीला मान दिल्यासारखे होईल, पण जरा काळ ओळखा. डिसेंबर 2024 मध्ये आगीनंतर पॅरिसचे नोत्र-दाम कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा पुन्हा कास्तेलबाजाकचेच ठळक रंगांचे झगे वेदीवर होते, आणि पुन्हा निम्म्या लोकांना ते अप्रतिम वाटले आणि निम्म्यांना विदूषकी.

माझ्या मते या भांडणात दोन्ही बाजू एकच चूक करतात: कपड्याच्या कापाला मत असते असे धरून चालतात. बोरोमिओ कट्टर परंपरावादी होते आणि त्यांना रुंद झगा हवा होता. पुगिनही तसाच. अठराव्या शतकात फिडलबॅक शिवणाऱ्याला चालू फॅशन हवी होती. कापड जड झाले, हात वर न्यायचे होते, लोकांना अमुक बाजू दिसत होती, ही कारणे खरी. बाकीचे आपण मागाहून चिकटवलेले.

गोव्यात आणि नंतर

आपल्याकडे चॅझुबल आला तो पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे रुंदी कमी होण्याच्या मधल्या टप्प्यावर, आणि इथेच त्याचा फिडलबॅक झाला. गोव्याच्या उकाड्यात बाजू नसलेला झगा सोयीचाच पडला असणार, जरी आतले खळीचे अस्तर घामाने काय होत असेल ते न विचारलेले बरे. सतराव्या शतकाच्या अखेरीला पोर्तुगालची राणी मारिया सोफिया हिने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवासाठी सोन्याच्या तारेने भरलेला चॅझुबल पाठवला होता. उलट दिशेनेही माल जाई. हिंदुस्थानी आणि चिनी कारागिरांनी पोर्तुगीज चर्चसाठी भरलेली वस्त्रे आज पोर्तुगालच्या संग्रहालयांत आहेत. त्यांत युरोपी संतांच्या भोवती इथली पाने-फुले आणि पक्षी बिनधास्त वावरतात.

1969 मध्ये भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने उपासनेत बारा बदलांना परवानगी दिली. पंचांग प्रणाम, आरती, मांडी घालून बसणे, समया, हे सगळे त्यात होते. वस्त्रांबद्दलचा मुद्दा असा की रोमन पद्धतीच्या पारंपरिक वस्त्रांऐवजी अंगरख्यासारखा एकच साधा झगा आणि त्यावर अंगवस्त्राच्या धर्तीचा स्टोल चालेल, मात्र नमुने आधी पाठवा. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रात डी. एस. अमलोरपवदास यांनी हे प्रयोग पुढे नेले आणि भगव्या शालीत, जमिनीवर बसून मिस्सा होऊ लागली. आश्रमांत आणि धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत ती रुजली, गावोगावच्या चर्चमध्ये फारशी नाही. विरोध घरातूनच झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी फिडलबॅक पाहिला त्यांना शाल परकी वाटली आणि रोमन गाडीवानाचा झगा आपला. हे हास्यास्पद म्हणून सोडून देता येणार नाही. आजोबांच्या लग्नात, बापाच्या मयतीला जे पाहिले तेच माणसाला आपले वाटते, ते मूळचे कुठले हे कोणी विचारत बसत नाही. माझी सहानुभूती शालीला आहे, पण ती वरून पाठवली गेली हे तिचे दुर्दैव.

ओल्ड गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे किंवा कुठेही जुना चॅझुबल पाहायला मिळाला तर आधी सोने पाहू नका, खांद्याची कड पाहा. ती हातावर किती उतरते यावरून काळाचा अंदाज येतो. मग मुख्य नक्षी पुढे आहे की मागे ते पाहा, त्यावरून धर्मगुरू कुठे तोंड करून उभा राहत असे ते कळते. पाठीवर क्रूस की पट्टा, यावरून बेत फ्रेंच वळणाचा की रोमन याचा तर्क करता येतो. शेवटी काठाजवळचे भरतकाम नीट न्याहाळा. एखादे फूल किंवा चेहरा अर्ध्यात कापलेला असेल, तर कापड आणि काप एका काळाचे नाहीत, आणि पाटीवरचे शतक त्या दोघांपैकी नेमके कोणाचे हे तिथल्या माणसाला विचारायला हरकत नाही.